रत्नमालेची धाप

त्या दिवशी सकाळी मला लागोपाठ दोन फोन आले. पहिला गोंदियाच्या बाजारातल्या, सन्मानचिन्हं बनवणाऱ्या एका दुकानदाराचा. ‘मॅडम, आपका तैयार है. नाम एक बार देख लो, बाद में बदलेगा नहीं,’ असं म्हणून त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. निळ्या मखमलीवर सोनेरी अक्षरांत ‘आदर्श उपासिका रत्नमाला’ आणि खाली आमच्या महिला मंडळाचं नाव. मी चष्मा पुसून ते वाचत होते. अक्षरं ठसठशीत आली म्हणून मनातून खूशही झाले होते. तेवढ्यात दुसरा फोन आला. नागपूरच्या दवाखान्यातून माझे यजमान बोलत होते. ‘रत्ना गेली,’ म्हणाले. मी विचारलं, ‘कुठं?’ ... दवाखान्यात असलेल्या माणसाबद्दल असा प्रश्न कोणी विचारतं का? पण मी विचारला. पलीकडून ह्यांनी फोन ठेवला, तेव्हा मला समजलं.

आता काही आठवडे झाले. आमच्याकडे धानाची कापणी सुरू झाली आहे. ‘बाई, तुम्ही शाळा शिकवली, रत्नाताईवर चार शब्द तुम्हीच लिहा,’ असं मंडळातल्या बायका म्हणाल्या. त्यांना कोणते चार शब्द हवे आहेत ते मला ठाऊक आहे. हसतमुख, कष्टाळू, धम्मशील. ती तशी होतीच. पण मी लिहायला बसले की ते शब्द कागदावर येत नाहीत. तिची धाप तेवढी ऐकू येते.

रत्नमाला माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन मुर्री गावात आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची, आणि तेव्हाही अंगानं भरलेलीच होती. आमचं घर गावाच्या टोकाला, दाराशी उभं राहिलं की एका बाजूला गोंदियाच्या इमारती दिसतात आणि दुसऱ्या बाजूला धानाचे बांध. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, ती पुढं गावातच अंगणवाडी सेविका झाली. तिचं लग्न झालं नाही. स्थळं आली, पोहे खाऊन गेली आणि निरोप काही आले नाहीत. एकदा तर ती चहाचे कप घेऊन आत वळली न वळली तोच पाहुण्यांतला एकजण म्हणाला, ‘पोरगी चांगली आहे जी, पन दोघींची जागा घेऊन राहिली.’ सगळे हसले. आम्हीही हसलो, कारण पाहुणे आमच्या घरात बसले होते. आत तिनं कप विसळले, पुसले आणि जागेवर लावले. नंतर हे तिची समजूत घालायला गेले तर तीच ह्यांना म्हणाली, ‘दादा, मानूस खोटं नाई बोलला. तू पोहे खाल्ले का?’

असा तिचा स्वभाव. कोणी काही बोलायच्या आधी ती स्वतःच स्वतःवर बोलून मोकळी व्हायची. रिक्षात बसताना म्हणायची, ‘भाऊ, टायरात हवा आहे ना?’ आणि रिक्षावाला हसायचा. मला वाटायचं, हिला काही लागत नाही, हिची कातडी जाड आहे. आम्ही सगळ्यांनी तसं धरूनच चाललो होतो, कारण त्यात आमची सोय होती.

लागत होतं, हे मला एकदाच दिसलं होतं. अंगणवाडीच्या भिंतीला टेकून दोघी बाया बोलत होत्या. एक म्हणाली, ‘लेकरायचा खाऊ जाते कुठं, हे काई शोधाले लागत नाई. मॅडमकडे पाहा अन् समजा.’ रत्ना आत लेकरांची वजनं घेत होती. दारात मी उभी होते, म्हणून तिनंही ऐकलं हे मला कळलं. तिनं झोळीतलं लेकरू उतरवलं, दुसरं बसवलं, काटा पाहिला, वजन मोठ्यानं सांगितलं. त्या दिवसापासून तिनं अंगणवाडीत एक शीतसुद्धा तोंडात घातलं नाही. खिचडीचं मीठ मदतनीस बघायची. हळूहळू तिनं लोकांसमोर खाणंच सोडलं. लग्नाच्या पंगतीत ती वाढायला असायची, भात घ्या, वरण घ्या करत सगळ्यांच्या मागं लागायची आणि स्वतः मात्र शेवटी, मांडवाच्या मागं, भांड्यांच्या आड उभ्यानं जेवायची. आणि आम्ही घरी बोलायचो, ही खाताना तर दिसत नाही, मग वाढते कशी?

तिचा आवाज मोठा गोड आणि भरदार होता. विहारात वंदना सुरू झाली की माइकची गरज नसायची. आमच्यासारख्यांचे आवाज तिच्या आवाजाच्या आधारानं चालायचे. पण विहाराच्या पायऱ्या चढून आली की आधी तिला बराच वेळ नुसतं बसावं लागे. धाप लागायची. गल्लीत ती वळली की घरात बसून आम्हाला ऐकू यायचं. मी म्हणायची, ‘आली आपली मालगाडी.’ गोंदिया जंक्शनच्या आसपास राहणारी माणसं आम्ही, आम्हाला दुसरं काय सुचणार? तीही दारातून ओरडायची, ‘सिग्नल द्या वो वहिनी!’ घर हसायचं. तिची धाप म्हणजे आमच्या घरातला रोजचा आवाज झाला होता, कुकरच्या शिट्टीसारखा. असला आवाज बदलला तर कोणाच्या लक्षात येतो?

एका हिवाळ्यात मंडळाची सहल आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडला गेली होती. गाडी पायथ्याशी थांबली आणि सगळ्या बायका पदर खोचून उतरल्या. कोणीतरी विचारलं, ‘रत्नाताई चढतीन का?’ रत्नानं तोंड उघडायच्या आधी मी उत्तर दिलं, ‘नाई, थे खालीच बसते, सामान पाहते.’ तिच्या पायात त्या दिवशी नवे पट्ट्याचे सॅंडल होते, चढायला घ्यावेत तसले. हे मला गडावर पोचल्यावर आठवलं. खाली आलो तर ती आमच्या पिशव्यांच्या मधोमध बसून दर्ग्याला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईशी सुखदुःखाच्या गप्पा मारत होती आणि आमच्यासाठी लाखोरीच्या डाळीचे वडे कागदावर मांडून तयार होते. ‘वर वारा होता का वो?’ एवढंच तिनं विचारलं.

मग कोरोना आला. आमच्या घरात तो तिलाच जास्त बाधला. मला दोन दिवस ताप, ह्यांना नुसता खोकला, आणि रत्नाला थेट ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. वॉर्डात आम्हाला जाऊ देत नव्हते. तिथं काय झालं ते तिनं कितीतरी दिवसांनी सांगितलं. शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाची, तिच्याच अंगाची एक बाई होती. दोघी मास्कमधून एकमेकींकडे बघायच्या. एका सकाळी ती खाट रिकामी होती, आणि वॉर्डातला कोणी माणूस दुसऱ्याला म्हणत होता, ‘मोटे लोगों को ये बीमारी छोड़ती नहीं. अब ये वाली का देखो.’ ये वाली म्हणजे रत्ना. ती ‘ये वाली’ बरी होऊन घरी आली. घरी सोडताना डॉक्टरनंही तेच जरा नीट भाषेत सांगितलं, की वजन कमी करा, जाड माणसाला असे आजार जड जातात. ‘वहिनी,’ ती मला म्हणाली, ‘या डाव सुटली. दुसऱ्या डाव असंच काई आलं तं मी नाई वाचणार. मले वाचायचं आहे वो.’ मी म्हटलं, ‘मंग भात कमी खा.’ माझं उत्तर एवढंच होतं.

तिनं पांढरे बूट घेतले आणि सकाळी बांधाच्या रस्त्यानं चालायला लागली. चौकातल्या पानठेल्यावर पोरं उभी असायची. ‘रोलर निघाला, आता रस्ता पक्का होते,’ असं कोणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. आमच्या घरीही आलं. मी ते ह्यांना सांगितलं आणि सांगताना मला हसू आवरलं नाही. रत्ना मागच्या खोलीत होती. बूट त्यानंतर पलंगाखाली गेले. पुढं कधी तिनं भाताऐवजी ज्वारीची भाकरी सुरू केली तर शेजारीण विचारायची, ‘काऊन, लगन जमलं का?’ तिनं भाकरीही सोडली. बारीक होण्यासाठी धडपडणाऱ्या जाड बाईइतकी करमणूक आपल्याकडे दुसऱ्या कशानं होत नाही. जाड राहिली तर हसायचं आणि कमी व्हायला निघाली तर त्याहून जास्त हसायचं.

यंदा आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आश्विन पौर्णिमेपर्यंतचा हा काळ आमच्यात वाचनाचा आणि व्रताचा. दर पौर्णिमेला आणि अष्टमीला आम्ही काही बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातो आणि भंतेजींकडून अष्टशील घेतो. त्यातलं एक शील असं, की दुपारी बारा वाजून गेले की अन्न घ्यायचं नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. पाणी, सरबत चालतं. त्या पहिल्या दिवशी रत्ना उठली आणि म्हणाली, मी एक दिवस नाही, पूर्ण वर्षावासभर रोज हे शील पाळणार. बायकांनी ‘साधू साधू साधू’ म्हटलं. मी मंडळाची अध्यक्ष. आमच्या विहारात असं आजवर कोणी केलं नव्हतं. माझी मान ताठ झाली.

काही दिवसांनी मागच्या अंगणात आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, ‘वहिनी, एक सांगू का? रागावजा नोको. मी हे शिलासाठी नाई करून राहिली. मी हे वजनासाठी करून राहिली.’ तिनं मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं. सोळा तास पोटाला विश्रांती द्यायची, आठ तासांत काय ते खायचं. तिनं हिशेब लावला की सकाळपासून दुपारी बारापर्यंत खाल्लं तर ते शिलातही बसतं आणि यातही. ‘डायट म्हटलं का लोक हासते. शील म्हटलं का हात जोडते,’ ती म्हणाली. ‘कोनी मले ताटात घे घे नाई करत, कोनी इचारत नाई. किती बरं वाटून राहिलं, सांगू!’ ती खरोखर आनंदात होती. वर म्हणाली, ‘सुरू वजनासाठी केलं, पन आता संध्याकाळी वंदनेले बसली का मन शांत रायते. थे बी खोटं नाई.’

मला रागावता आलं असतं, किंवा तिला जवळ घेता आलं असतं. मी विचारलं, ‘हे आनखी कोनाले सांगितलं का?’ ती नाही म्हणाली. ‘मंग सांगू नोको,’ मी म्हटलं.

मी दोन्ही हातांनी तिच्या त्या शिलाचा उपयोग करून घेतला. बाहेरगावचे पाहुणे विहारात आले की मी तिला उभी करायची. ‘या आमच्या रत्नमालाताई, पूर्ण वर्षावास अष्टशील.’ ती खाली बघायची. मला वाटायचं, लाजते आहे. दुसऱ्या गावच्या मंडळाची अध्यक्ष माझ्याकडे बघून ओठ आवळायची आणि ते मला आवडायचं. समारोपाला तिचा सत्कार करायचा, शाल द्यायची, सन्मानचिन्ह द्यायचं, हे मीच ठरवलं. ती म्हणाली, ‘राहू दे वो वहिनी, सत्काराचं कायले? मले मंचावर नोको चढवू.’ मी म्हटलं, ‘तुह्यासाठी नाई, विहारासाठी आहे.’

भादव्याच्या शेवटी गावात ताप सुरू झाला. अंगणवाडीतली निम्मी लेकरं शिंकत होती, नाकं गळत होती, आणि ती त्यांची नाकं पुसत होती. मग तिला ताप आला. पहिल्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ‘अंग लय दुखून राहिलं वहिनी. आज संध्याकाळी थोडीशी पेज घेऊ का?’

मी पीठ मळत होते. मी मान वर केली नाही. ‘आता पुनव किती दूर आहे? येवढं काढलं अन् आता जराशासाठी मोडते? मी सगळ्यायले सांगून बसली ना रत्ना. पेज उद्या सकाळी घे.’

ती ‘बरं’ म्हणाली.

या एका ‘बरं’पाशी मी रोज येऊन अडते. तिला माझी परवानगी लागत नव्हती. पन्नाशीची बाई होती, पगार कमावत होती, घरात तिची वेगळी खोली होती, चूल पेटवून वाटीभर पेज करून घेतली असती तर कोण बघणार होतं? पण मोडायचं म्हणजे आता तिचं एकटीचं मोडणार नव्हतं. माझा शब्द मोडणार होता. मंचावरची खुर्ची रिकामी राहणार होती. आणि मग लोकांनी काय म्हटलं असतं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ‘पाहा, खाण्यावर ताबा राहिला नाई मोटीचा.’ आयुष्यभर जे ऐकलं तेच पुन्हा.

ह्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या होत्या. पाकिटावर त्या मुलानं पेनानं खुणा केल्या होत्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. रत्ना अंगणवाडीची बाई, सूचना पाळायची सवय. जेवणानंतरची गोळी, आणि संध्याकाळी जेवण नाही, म्हणून संध्याकाळची गोळी नाही. नंतर तिच्या उशाशी पाहिलं तर सकाळच्या पट्टीतल्या गोळ्या संपल्या होत्या आणि संध्याकाळची पट्टी अखंड. घरात मी होते, हे होते, दोघंही शिकलेले. एकानंही विचारलं नाही. ती गळून गेली तर आम्ही म्हटलं, उपासानं गळाली. जेवली नाही तर म्हटलं, शील आहे. आणि पलंगावरून मोरीपर्यंत जाताना धाप लागली तर आम्ही काहीच म्हटलं नाही, कारण तिला धाप लागतेच.

एका सकाळी तिच्या खोलीतून हाक आली नाही म्हणून हे आत गेले. ती उशीला टेकून बसली होती, ओठ निळसर झाले होते. एक वाक्य तिला एका श्वासात बोलता येत नव्हतं. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, तिथून लगेच नागपूरला न्यायला सांगितलं. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती काहीतरी म्हणत होती म्हणून मी कान खाली नेला. ‘अंगनवाडीची... चाबी... मदतनीसले दे.’

नागपूरच्या डॉक्टर अगदी तरुण होत्या. त्यांनी सांगितलं की हा फ्लूचा प्रकार आहे, आणि दोन्ही फुप्फुसांत उतरला आहे. मी धीर करून विचारलं, ‘उपासामुळं झालं का हो?’ त्या म्हणाल्या, ‘उपासानं फ्लू होत नाही, बाई. वजन जास्त असलं की छातीला पोटाचा दाब असतो, फुप्फुस पुरतं फुलत नाही, आणि शरीराची लढायची पद्धतही बिघडलेली असते. अशा माणसाला साधा वाटणारा ताप अंगावर काढू द्यायचा नसतो. त्यांनी वजन कमी करायचं ठरवलं ते योग्यच होतं. उपवासाच्या या पद्धतीचा कोणाला किती फायदा होतो यावर अजून एकमत नाही, पण ते निरोगी असतानाचं झालं. ताप आल्यावर उपास करायला कोणी सांगितलं?’ मग केसपेपर चाळत त्यांनी विचारलं, ‘फ्लूचं औषध सुरुवातीलाच दिलं तर जास्त उपयोग होतो. आणि लस? दरवर्षी घ्यायची असते, घेतली होती का?’ गावभरच्या लेकरांना डोस मिळाला का हे घरोघर जाऊन विचारणारी माझी नणंद. तिला स्वतःला एखादी लस हवी आहे का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

तिला मी शेवटचं पाहिलं ती दुपार होती. तोंडावर हवेच्या मशीनचा मोठा मास्क होता. नर्सनं तो थोडा वेळ काढला आणि वाटीत डाळीचं पाणी आणलं. रत्नानं वाटीकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला हे लिहवत नाही... घड्याळात बारा केव्हाच वाजून गेले होते. मी म्हटलं, ‘घे रत्ना, घे, काही नाही होत, घे.’ मी हात जोडले तिच्यासमोर. तिनं एक घोट घेतला आणि ठसका लागला. नर्सनं घाईनं मास्क परत बसवला. मी सांगितलं तेव्हा तिला गिळवत नव्हतं.

त्या संध्याकाळच्या गाडीनं मी गोंदियाला परत आले. हे तिथं होते, आणि समारोपाची तयारी अडली होती असं मी ह्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर तिच्या नजरेसमोर मला बसवत नव्हतं.

ती गेल्यावर गावात दोन वाक्यं फिरली. काही म्हणाले, ‘उपासानं मेली.’ काही म्हणाले, ‘मोटी होती, जानारच होती.’ मी दोन्ही ऐकली आणि दोन्ही वेळा मला आतून सुटल्यासारखं वाटलं, कारण त्या दोन्ही वाक्यांत मी नव्हते. पानठेल्यावरची पोरं नव्हती, अंगणवाडीच्या भिंतीशी बोलणाऱ्या बाया नव्हत्या, पोहे खाऊन गेलेले पाहुणे नव्हते. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या नावानं विहारात जमलो त्या दिवशी आमच्या मंडळाच्या बायकांनी तिसरं वाक्य काढलं, ‘शिलात गेली, केवढं पुण्य.’ आणि सगळ्यांनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. भंतेजी मागून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, पेजेसकट. ते वरच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, ‘बाई, आजारी माणसाला अष्टशील सोडून पंचशिलावर येता येतं. कधीही. एवढं तुम्हाला माहीत होतं ना?’ माहीत होतं. पंचशिलात जेवणाच्या वेळेचं बंधन नाही, हे दरवर्षी नव्या बायकांना मीच समजावून सांगते. ‘मग तुम्ही धरून बसलात तो नियम शिलाचा नव्हता,’ ते म्हणाले आणि आत गेले. सत्काराचं ते सन्मानचिन्ह दुकानातच आहे, मी आणायला गेले नाही. अध्यक्षपद सोडलं. त्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं.

परवा तिची खोली झाडायला घेतली. मंडळात एक नवी मुलगी येते आहे, तिला पांढरी साडी घ्यायची ऐपत नाही, म्हणून रत्नाची द्यावी असं ठरलं होतं. साडी घडी करून ठेवली आणि ब्लाउज हातात घेतला. त्या मुलीच्या मापाचा करायला कुठं आत घ्यावं लागेल हे पाहावं म्हणून मी तो उलटा केला. बाजूच्या शिवणीला मशीनची टीप होती, शिंप्यानं घातलेली. तिच्या आत बोटभर अंतरावर हातशिलाईचे टाके होते, पांढऱ्या दोऱ्याचे, रत्नाच्या हातचे, बारीक आणि सरळ. त्यांच्या आत आणखी एक ओळ. आणि त्याच्याही आत तिसरी, तिचा दोरा अजून कोरा करकरीत. दोन्ही बाजूंनी तसंच, बाह्यांनाही तसंच. सुटलेलं कापड तिनं कापलं नव्हतं, आतल्या आत दुमडून ठेवलं होतं. मी तिचे बाकीचे ब्लाउज काढले, ट्रंकेतून, दांडीवरून. सगळे उलटे करून पलंगावर पसरले. सगळ्यांना आतून टाके होते.

हे दारात येऊन उभे राहिले. पलंगभर ते कपडे पाहून म्हणाले, ‘काय करून राहिली?’

‘रत्ना बारीक झाली होती जी,’ मी म्हटलं.

‘कवा?’ ह्यांनी विचारलं.